बारा तासांचा दिवस

अलकाबाईंचा लाल पेन सिल्वासाजवळच्या मसाट गावच्या शाळेत बदनाम होता. नवऱ्याने किराण्याची यादी दिली, तरी बाई आधी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत, मग साखर आणत. गुहागरहून इकडे येऊन एकवीस वर्षं झाली, पण पेन काही निवला नाही.

एकाच पेपराला तो पुन्हा लागायला धजत नव्हता. रोशनीच्या. सात वर्षांपूर्वी तिला वीसपैकी सात पडले. आठ असते तर सुटली असती. एका गुणावरून ती कच्च्यांच्या रांगेत, मागच्या भिंतीशी बसली आणि दिवाळीनंतर आलीच नाही. पेपर कपाटात राहिला. सकाळी कारखान्याचा आठचा भोंगा झाला, की बाईंची नजर त्या भिंतीकडे जाई. हजेरी घेताना मधेच जीभ घसरे, “रोशनी...”

पोरं मागे वळून बघत. “बाई, ती कोण?”

यंदा वरून फर्मान आलं: नुसती बेरीज नको; कुठला प्रश्न किती जणांचा चुकला, त्याचा तक्ता करा. सोबत कच्च्या मुलांची यादी. बाईंनी रेघा आखल्या. चौथ्या प्रश्नाशी पेन थबकला. ‘एका दिवसाचे तास किती?’ चौतिसांपैकी एकोणीस जणांचं उत्तर: बारा. ममताचंही. तिचे गुण, सात.

“काय गं ममता, सगळ्यांनी एकमेकांचं बघितलंत?”

“नाही बाई! दिवस बाराचाच राहतो. पप्पा आठले जातात, आठले येतात.”

“आणि उरलेले बारा?”

“ते रातपाळीवाल्यांचे. आपले नाहीत.”

बाईंना हसू फुटलं, पण लगेच त्या उठल्या. त्यांनी कपाट उघडलं. रोशनीच्या पेपरात तोच प्रश्न, तेच ‘बारा’, आणि त्यावर आपलीच ठसठशीत फुली.

हेडमास्तर सदाशिव सर कच्च्यांची यादी वाचून चष्म्यावरून बघत म्हणाले, “यादीत ममता नाही?”

“तिला आठ आहेत, सर. एकाचं चुकलं तर पोराचं. एकोणीस जणांचं तेच चुकलं तर आपलं. दिवस-रात्र मिळून किती, असं विचारलंच नाही आपण. आणि ती मागची रांगही मोडू या.”

“वर काय कळवू?”

“कळवा, बाई कच्च्या आहेत.”

वर्गात येऊन बाईंनी रोशनीच्या पेपरावरचा सात खोडला, आठ केला, शेजारी सही केली. खाली ‘पालकाची सही’ची रेघ कोरीच होती.