मुक्ताची मान

आमच्या अंगणवाडीतल्या टॅबमध्ये मुलांचं बोलणं तपासणारं ॲप आलंय. मूल चित्र बघून बोलतं, ॲप शब्द आणि वाक्यं मोजतं. काम चोख करतं, माझी तक्रार नाही.

काल चार वर्षांची मुक्ता बसली. टॅबमधून आवाज आला, “चित्रात काय दिसतंय?” मुक्ताने मान डोलावली. पुढच्या प्रश्नाला तिने नवी बांगडी पडद्यासमोर धरली. ॲपने नोंदवलं, ‘प्रतिसाद नाही.’

मला हसू आलं. तिचे बाबा सुरतेला कामाला असतात. रोज व्हिडिओ कॉलवर ते बोलतात, ही मान डोलावते, नवं काही असलं की दाखवते. पडद्याशी असंच बोलायचं असतं, हे ती नीट शिकलीय. नुसत्या आवाजावर चालणाऱ्या ॲपला ते कुठून दिसणार? ते बघायला मी आहे.

मी टॅब मांडीवर पालथा घातला. “बाबा आले की काय करणार गं?”

“त्यांना शेळीचं पिल्लू दाखवणार. मग चप्पल लपवणार.”

“कुणाची?”

“बाबांची.”

पालथा टॅब सगळं टिपत होता.

“चप्पल कशाला गं?”

“मग ते परत कसे जातील, बाई?”