पेडण्याच्या नकाशावरचा तो ठिपका मी का पुसला

दिवाळीच्या आदल्या शनिवारी सकाळी मी पेडणे तालुक्यातल्या एका बंद गिरणीच्या पायरीवर डोकं धरून बसलो होतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही... का ते पुढे कळेल.

मी वीज खात्यात मीटर रीडिंगला आहे. घरोघर फिरणं हीच नोकरी, त्यामुळे लोकांचे पडवीतले मीटर आणि पडवीवरचे वासे, दोन्ही बघायची सवय लागली. त्यातूनच पक्ष्यांचा नाद लागला.

आमचा एक छोटासा ग्रुप आहे. डिचोलीचे गावस सर, शाळेतून रिटायर झालेले, ते तो चालवतात. गव्हाणी घुबड कुठे कुठे दिसतं याची नोंद आम्ही फोनवरच्या नकाशावर ठेवतो. पांढरं, बदामाच्या आकाराच्या तोंडाचं, ते घुबड. आम्हाला आधी ते फक्त डिचोलीकडे दिसायचं... बंद पडलेल्या खाणींच्या शेडमध्ये, जुन्या कौलारू गोदामांत. मग हळूहळू एकेक ठिपका पेडण्याच्या अलीकडच्या नदीच्या दिशेने सरकायला लागला. नदी ओलांडून पेडण्यात आलं की नाही, हाच आमचा सगळ्यांचा ध्यास होता.

चतुर्थीनंतर मला ते सापडलं. सुलोचनाकाकीच्या (नाव बदललंय) घराचं रीडिंग घेतलं आणि शेजारच्या भाताच्या गिरणीत सहज डोकावलो. ही गिरणी तिच्या नवऱ्याची, तो गेल्यापासून बंद. जमिनीवर पांढरी विष्ठा, ओकून टाकलेले उंदरांच्या हाडांचे गोळे... आणि वर आढ्याला दोन मोठी घुबडं, तीन पिल्लं. शेवटी नदी ओलांडलीच!

काकी मात्र वैतागलेली, त्याला हाकलून लाव म्हणत होती. "हें अशूभ पाखरूं म्हज्याच घराकडेन कित्याक मेलां रे पुता? धांवडाय मरे ताका!"

तिची कशीबशी समजूत घातली. बाहेर आलो आणि आनंदाच्या भरात फोटो टाकला. नुसता ग्रुपवर नाही... इथे, या वॉलवर, सगळ्यांना दिसेल असा. गिरणीचं फाटक, मागचं देऊळ, खाली गावाचं नाव. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलं असेल.

दिवाळीला आठवडा असताना अनोळखी नंबरवरून फोन आला, घुबडाचा फोटो बघून केलाय म्हणाला. पक्षीमित्र असेल म्हणून मीही हौसेने बोललो. जरा वेळाने तो म्हणाला, "पिल्लं नकोत. मोठं वजनाला किती भरेल अंदाजे? नखं सगळी शाबूत आहेत ना?"

अमावास्येच्या पूजेसाठी, गुप्तधनासाठी घुबडं पकडतात हे वाचलं होतं... पण त्यांना पत्ता मी स्वतः दिला असेन, हे कधी मनातही आलं नव्हतं.

गावस सरांना फोन केला. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "आधी तो फोटो काढून टाक, नकाशावरचा ठिपका पूस. मी वन खात्यात कळवतो. तू जा तिथे." ड्युटी सोडून निघता येईना, शनिवार उजाडला.

स्कूटर लावली तर काकीच्या घराला कुलूप. गिरणीचं दार सताड उघडं. आत गेलो... आढं रिकामं. जमिनीवर चार-पाच पांढरी पिसं.

नाक्यावरच्या दुकानदाराला विचारलं. काल दुपारी एक गाडी आली होती, दोघेजण उतरले होते, म्हणाला. संपलंच सगळं. त्या पायरीवर किती वेळ बसलो ते माहीत नाही. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली, ते आलं आणि मारेकऱ्यांना त्याचा पत्ता मीच दिला...

साडेअकराच्या बसने काकी उतरली. हातात दिवाळीच्या फोवांची, म्हणजे पोह्यांची, पिशवी. मला बघून म्हणाली, "असो कित्याक बसला? कोण मेलो काय कितें?"

मी सगळं सांगितलं. फोटो मीच टाकला, तेही सांगितलं. तिने शांतपणे पिशवी खाली ठेवली.

"काल दोगजाण आयिल्ले. घुबड खंय म्हूण विचारताले. हांवें म्हटलें, कसलें घुबड? गिरण उकती करून दाखयली. दोळ्यांनी पळयात म्हटलें."

"आणि घुबडं?"

"पिलां उडूंक लागलीं तशीं सगळीं गोठ्याच्या माळ्यार गेलीं. आठ दीस जाले. तांकां हांव कित्याक सांगतलें?"

गिरणीचं दारही तिनेच उघडं ठेवलं होतं. ते दोघे परत आले तर बाहेरूनच रिकामं दिसावं म्हणून!

गोठ्यामागे नेऊन तिने बोट दाखवलं. कौलांखालच्या फटीत पाच पांढरे चेहरे, अर्धवट मिटलेले डोळे. मी दोनदा मोजले. मग मला रडू आलं, आणि काकी हसायला लागली.

पण तू तर अशुभ म्हणत होतीस, मी विचारलं.

"म्हणटालें खरें. म्हूण कोणाक मारूंक दिवंचें?"

त्या दोघांचं वर्णन सरांनी वन खात्याला दिलंय. तिथला गार्ड आता रोज एक फेरी मारतो. आणि यापुढे घुबडाची नेमकी जागा आमच्या नकाशावर कुणालाच दिसणार नाही, नुसता तालुका दिसेल. तेव्हा कृपा करून कमेंटमध्ये गाव विचारू नका.

घुबड नदी ओलांडून पेडण्यात आलं, ही नोंद माझ्या नावावर लागली. त्यांना जगवलं मात्र सुलोचनाकाकीने... तिच्याकडे तर स्मार्टफोनही नाही.