गोधडीचं जेवण

मारुंजीत साळूबाईच्या घराला चौदा खोल्या, आणि गोधडी पसरायला एकही नाही. सगळ्या भाड्यानं गेलेल्या. उरली होती ती गच्ची. तिथंही थोरल्या राजूनं पत्र्याच्या दोन खोल्या काढायला घेतल्या.

"आई, बाजारात ब्लँकेटं मिळत्यात की आता," तो म्हणाला.

"बाजारात ल्योक मिळाला तर तेवढा बदलून आण," साळूबाई म्हणाली आणि सुईत दोरा ओवू लागली.

भाडेकरू खोली सोडताना मागं टाकून जात ते सगळं तिचं. कंपन्यांचे टी-शर्ट, मोडक्या छत्र्यांचं कापड, ओळखपत्राच्या गळ्यातल्या पट्ट्या, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. त्या जीन्स पाहून तिला आधी पोरांची दया यायची. त्या मुद्दाम फाडलेल्या असतात हे कळल्यावरही दया गेली नाही, तिचं कारण तेवढं बदललं.

दुसऱ्या मजल्यावरची जुईली एक दिवस बातमी घेऊन आली. शेजारच्या सोसायटीत टाकाऊतून कलाकुसरीची स्पर्धा होती, गावात कुणालाही खुली. पहिल्या नंबराला वर्षभर दर मंगळवारी क्लबहाऊसचा हॉल मिळणार, आपली कला शिकवायला.

"केवढा हाय हॉल?"

"आठ गोधड्या पसरतील, काकू."

"घाल माझं नाव."

खरं तर हॉल केवढा, हे तिनं विचारायची गरज नव्हती. सोसायटी उभी होती ते साळूबाईचंच जुनं भातखाचर.

नियम एकच होता: फक्त घरातला सुका कचरा. महिनाभर ती गच्चीवर पत्र्यांच्या ठोकाठोकीत बसून टाके घालत राहिली. पट्ट्यांची किनार, मधोमध छत्र्यांच्या पाकळ्यांचं काळं फूल. शेवटचा कोपरा मिटण्याआधी सासूच्या रीतीप्रमाणे तिनं आत भाकरीचा तुकडा ठेवला. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याची ऊब खाते, असं सासू म्हणायची.

परीक्षक होते सोसायटीचे सचिव जनार्दनराव. मूळचे सोलापूरचे, म्हणून पांघरुणातलं आपल्याला कळतं असा त्यांचा समज. ओल्या-सुक्याला इतके कडक की चहाचा चोथा टाकायलाही लोक आधी जिन्यात डोकावून बघत. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, मान डोलावली आणि शेवटच्या कोपऱ्यावर बोटं थांबवली.

"ताई, इथं टणक काय आहे?"

"तिचं जेवान."

"कुणाचं?"

"गोधडीचं. भाकरीचा तुकडा हाय."

जनार्दनरावांनी हात मागं घेतला. "भाकरी म्हणजे ओला कचरा."

"वल्ली कुटं? खडखडीत वाळलीया."

"वाळली तरी ओल्यातच धरतात. कोपरा उसवा, पहिला नंबर तुमचाच."

हॉलची गुळगुळीत फरशी समोर चमकत होती. जुईलीनं हळूच कोपरखळी मारली. साळूबाईनं फरशीकडं एकदा डोळे भरून पाहिलं.

"पंगतीतनं कुणाला उठवत न्हाईत, सायेब," ती म्हणाली. "आन् मी तुकडा टाकला न्हाई, जेवू घातलाय. मग त्यो कचरा कसा?"

जनार्दनराव विचारात पडले. "बरोबर आहे. पण मग ही गोधडी पूर्ण कचऱ्याची राहिली नाही."

पहिला नंबर बाटल्यांच्या झाकणांच्या मोराला गेला. साळूबाईला दुसरा: कचऱ्याचे दोन डबे, ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. हिरव्यात तिनं कोथिंबीर लावली.

आठवड्यानं जनार्दनराव पिशवी घेऊन दारात उभे. नोकरी संपली होती, एकोणीस टाय उरले होते.

"यांची होईल का गोधडी?"

"हुईल की. लई झ्याक हुईल. पण पसरू कुटं?"

वर पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता. जनार्दनरावांनी वर पाहिलं, मग पिशवीकडं.

मोर शिकायला कुणी फिरकलं नव्हतं, हॉल रिकामाच होता; मंगळवारी त्यांनी स्वतः त्याचं कुलूप काढलं. दुसऱ्या मंगळवारी चार बायका बघायला म्हणून आल्या आणि सुया घेऊन बसल्या. टायांची गोधडी पुरी व्हायला नऊ मंगळवार लागले. शेवटचा कोपरा राहिला, तेव्हा साळूबाईनं सुई थांबवून जनार्दनरावांकडं पाहिलं.

त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. सोलापूरची कडक भाकरी, नखाएवढा तुकडा.

"ही सुकी आहे," ते म्हणाले.