दुहेरी रूळ आणि अण्णाचा पांढरा शर्ट

समस्त वाचकहो, कृपया नाक धरून ऐका: आमच्या सोलापूरची रेल्वे दुहेरी झाली आहे! परवा फलाटावर फिनाइलच्या वासात हे कुणीसं अभिमानाने सांगितलं आणि मला अण्णाचा शर्ट आठवला.

बऱ्याच वर्षांपूर्वी थोरला भाऊ अण्णा अक्कलकोटकडे मुलगी बघायला निघाला होता, सोबत मी. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. रूळ एकेरी, म्हणून आमची पॅसेंजर होटगीच्या पुढे एक्स्प्रेसला वाट देत बाजूला उभी होती. "शिग्नल पडला का बगतो," म्हणत अण्णा दारातून बाहेर वाकला, आणि एक्स्प्रेस धडधडत गेली. तेव्हा डब्यांचे संडास थेट रुळांवर रिकामे व्हायचे. अण्णा आत वळला तेव्हा शर्टभर पिवळे शिंतोडे होते. अख्खा डबा दुसऱ्या टोकाला सरकला.

त्या वेळी मी पोट धरून हसलो. आता हसू येत नाही. जलद गाडीतल्यांची घाण अंगावर घेत आम्ही वर्षानुवर्षं बाजूला उभे राहिलो आणि त्याला प्रवास म्हणत आलो.

उतरल्यावर नळावर शर्ट धुऊनही वास गेला नाही, तसेच मुलीच्या घरी गेलो. पोहे घेऊन आलेली मुलगी, म्हणजे आजची माझी वहिनी, उंबऱ्यातच थबकली आणि ओरडली, "आये, पोहे ऱ्हाऊ दे, ह्येंला आदी आंगुळ घाल की!"