सव्वा मणाच्या यमुनाकाकू

यमुनाकाकू रागावल्या की चुलीतली पेटती लाकडं बाहेर ओढायच्या, त्यांवर तांब्याभर पाणी मारायच्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसायच्या. घरभर धूर झाला की आम्ही समजायचो. मग माणसं पाटावर बसलेली असोत की पाहुणा दारात उभा असो, काकू हलायच्या नाहीत. "तोंड जेवाले बी हाय न बोलाले बी हाय," त्या म्हणायच्या. "बोलाची वेळ आली का जेवण थांबन."

मी नेरची. दिग्रसच्या या घरात सून होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो धूर पाहिला. सासऱ्यांना सगळे दादाजी म्हणत. कापसाचा व्यापार, घरामागे सरकी काढायचा स्वतःचा जिन. काकू त्यांच्या धाकट्या भावाची बायको, माहेर राळेगावकडचं. नवरा तापानं लवकर गेला, मूलबाळ झालं नव्हतं. तेराव्यानंतर त्यांच्या हाती स्वयंपाकघर आलं ते सुटलंच नाही. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, उभं राहायचं नाही ही घराची रीत, म्हणून दादाजींशी त्या कधी बोलल्या नव्हत्या. दाराआडून आम्हा सुनांना सांगायच्या, "सांगा त्यायले, मीठ संपलं." दादाजी चार पावलांवर बसून सगळं ऐकत असत, तरी आम्ही ते पुन्हा सांगत असू.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी दादाजींनी एक जुना ट्रक घेतला आणि सुतार लावून त्याची घरगाडी करवली. आत दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या, मागे भांड्यांची मांडणी, टपावर पाण्याची टाकी. दादाजींनी जाहीर केलं, घरच्या सगळ्यांना घेऊन रामेश्वरला जायचं. काकूंनी मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "सगळ्यात मी बी हाय का?" मी म्हटलं, "आहात ना." त्या दिवसापासून काकू वेगळ्याच झाल्या. पहाटेपासून पुऱ्या लाटणं, कढई चढवणं. शंकरपाळे, चिवडा, तिळाच्या चटण्या, खारोड्या, शेवया, तीन प्रकारची लोणची. पत्र्याचे डबे भरून भिंतीशी उभे राहिले. "मी यवतमाळच्या पल्याड काही पाह्यलं नाही वं," त्या म्हणायच्या. त्या महिन्यात एकदाही धूर झाला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सामान चढायला लागलं. मी आजवर अनेकांना प्रवासाला निघताना पाहिलं आहे, पण त्या दिवशीसारखं घर उपसलेलं पाहिलं नाही. दादाजींचा लोखंडी पलंग, कारण त्यांना फळीवर झोप येणार नव्हती. आंघोळीचा तांब्याचा बंब. गव्हाची दोन पोती आणि, बाहेरचं पीठ खायचं नाही म्हणून, जातं. सासूबाईंचा पाटा-वरवंटा. मोठ्या दिरांचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पेटी. लोड, तक्के, हंडे, तेलाचे डबे. काकूंचं गाठोडं एकच होतं, दोन लुगड्यांचं. ते मांडीवर घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी मागच्या खिडकीशी बसल्या.

गाडी जिनाच्या आवारात उभी होती. करीमचाचा ड्रायव्हर खाली वाकून पाहून आले आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "दादाजी, वजनानं स्प्रिंगचे पाटे उलटे झाले. पाच-सहा मण उतरवा लागते. नाहीतर उमरखेडच्या आतच गाडी बसते."

दादाजींनी गाडीभोवती फेरी मारली. पलंगाकडे पाहिलं, बंबाकडे पाहिलं. सासूबाई पाट्यावर हात ठेवून उभ्या होत्या, दीर ग्रामोफोनला टेकून. मग दादाजी सासूबाईंना म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "यमुनेले म्हणा, तू राह्य घरी. घर सांभाळाले बी कोणी पाह्यजे."

इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहितानाही माझी कानशिलं तापतात.

काकू खाली उतरल्या. मला वाटलं, घरात जातील. त्या सरळ कापसाच्या काट्याकडे गेल्या आणि पारड्यावर चढून बसल्या. "तोल," त्या मापाऱ्याला म्हणाल्या. तो दादाजींकडे पाहू लागला. "त्यायच्याकडे काहून पाह्यतं? काटा तुह्या हातात हाय. तोल मले!"

त्यानं वजनं टाकली. सव्वा मण.

काकू उतरल्या, चालत दादाजींच्या पुढ्यात आल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी वर घेतला नाही. "मी सव्वा मण. चाचा पाच-सहा मण म्हणून राह्यले. मले उतरवून तुमची गाडी कशी चालते, ते सांगा."

करीमचाचा खाली मान घालून म्हणाले, "बाईच्या उतरण्यानं फरक नाही पडत, दादाजी."

"तू तुह्यं चाक पाह्य!" दादाजी गरजले. मग काकूंकडे वळले. इतक्या माणसांत भावजय आपल्याशी बोलली, हेच त्यांना सहन होत नव्हतं. "जातं उतरवू काय तुह्यासाठी? जातं खायाले देते. तू काय देतं?"

आवारात रेच्याच्या यंत्रांवर कामाला जाणाऱ्या बाया थांबल्या होत्या. काकूंचा आवाज चढला नाही. "बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. गाडीत चढल्या आणि डबे काढू लागल्या. चिवडा, शंकरपाळे, शेवया, लोणच्याच्या बरण्या, महिनाभर केलेलं सगळं. सासूबाई ओरडल्या, "अवं, हे काय करून राह्यली?" काकू म्हणाल्या, "मी काही देत नाही ना? मंग हे कोणाचं हाय?" एकेक डबा त्यांनी उघडला आणि त्या बायांच्या ओट्यांत रिकामा केला. "घ्या वं. लाजू नका. अजून घ्या." बाया आधी बिचकल्या, मग ओट्या धरून पुढे आल्या. थांबवायला एकही पुरुष पुढे झाला नाही.

शेवटी गाठोडं उचलून त्या घरात निघून गेल्या. आणि मग काय झालं? दादाजींनी पलंग आणि गव्हाचं एक पोतं उतरवायला सांगितलं. म्हणजे उतरवता येत होतं! काकू गाडीत बसलेल्या असतानाही ते उतरवता येत होतं. मी हे आमच्या ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "गप बस, मुहूर्त टळतो."

तोंडात टाकायला काही नाही आणि गाडीत जातं, अशी आमची यात्रा झाली. प्रत्येक मुक्कामावर आम्ही सुना रस्त्याकडेला बसून दळत होतो. हाताला फोड आले. रामेश्वरला सगळ्यांनी समुद्राला हात जोडले. मी जोडले नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे मागच्या खिडकीशी रचलेली गाद्यांची वळकटी होती. काकूंच्या जागेवर ती सबंध यात्राभर बसून आली.

परतलो तर घराला कुलूप. किल्ली मापाऱ्याकडे. काकू यवतमाळला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या होत्या. दादाजींनी दोनदा माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. मग मला पाठवलं.

काकू परातीत कणीक मळत होत्या. मी म्हटलं, "दादाजी म्हणतात, झालं गेलं विसरून जा."

"पाणी घे आधी," त्या म्हणाल्या. मी पाणी पिऊन झाल्यावर बोलल्या, "सांगा त्यायले, राग हाय अजून. त्याच रागावर मी उभी हावो. तो गेला तर मी खाली बसीन, न मंग मले कोणी बी उचलून नेईन." तेवढ्यात दोन वेण्या घातलेली एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही." काकू तिच्यावरही खेकसल्या, पण तिनं आणलेली भाकर हातात घेतली. मला त्यांनी जेवू घातलं, एसटीपर्यंत सोडायला आल्या. परत चला, हे मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्या परत आल्याच नाहीत. काही वर्षांनी वसतिगृहातच, चार दिवसांच्या आजारपणात गेल्या. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलींनीच केलं, असं निरोप्या म्हणाला.

त्या वेळी दादाजी जेवायला बसले होते, मी वाढत होते. घास थांबला नाही. वरण कालवत ते म्हणाले, "तापट होती फार. बिचारी."

"बिचारी नव्हत्या त्या," मी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, ह्यांनी मान खाली घातली. दादाजींनी आणखी वरणासाठी ताट पुढे सरकवलं. मी वरणाचं पातेलं जमिनीवर ठेवलं आणि बाहेर निघून गेले.