लोपो नावाड्याची मिस्सा

पाचूबंदरच्या उर्सुलाबायकडे शिवायला टाकलेले कपडे वेळेवर कधी मिळायचे नाहीत. पण मिळाले की अंगावर असे बसायचे, की भांडायला आलेली बाई आरशात बघून भांडण विसरायची. फिटिंगच्या वेळी उर्सुला ओठांत टाचण्या धरून समोरच्या बाईभोवती फिरत राहायची. आता टाचण्या काय, सगळ्याच शिंपिणी तोंडात धरतात. पण उर्सुलाला त्या अगदी देवासारख्या पावल्या, कारण त्यांच्यामुळेच तिचं गुपित तोंडातल्या तोंडात राहिलं.

गुपित असं, की साप्ताहिक 'शिडवारा'त दर शुक्रवारी येणारी 'सात दारांचं बेट' ही कादंबरी ती लिहीत होती. वर नाव घातलं होतं दर्यादास. विरारच्या संपादकांशिवाय हे कुणालाही ठाऊक नव्हतं, बोटीवर असलेल्या नवऱ्यालाही नाही.

खरं तर सगळं नवऱ्यामुळेच झालं. सत्त्याण्णव साली सॅन्टन सुट्टीवर आला तो सिंगापूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन. घरात मूल नव्हतं. सॅन्टन परत बोटीवर गेला आणि खेळायला राहिल्या सासू-सुना. सासू, म्हणजे आग्नेस, असल्या वस्तूला हात लावणारी नव्हे. उर्सुलाने लावला आणि ती पार वेडी झाली. मशीनवर गाऊन अर्धा शिवून पडलेला आणि ही आपली पडद्यावरच्या बाहुल्याला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावते आहे. मग तिच्या मनात आलं, हा बाहुला खड्ड्यात पडतो तेव्हा त्याला काय वाटत असेल? झालं. बाईने कागद ओढला.

कादंबरी म्हणजे नुसता धुमाकूळ होता. बँकेत काम करणारी क्षितिजा एका दुपारी टीव्हीतल्या खेळात ओढली जाते. तिथे एक बेट, बेटावर सात दारं, आणि दर दारामागे नवं संकट: आग ओकणारे खेकडे, उलटे वाहणारे धबधबे, मुखवटा घातलेला राजा. खेळणाऱ्याला तीन जीव, एक गेला की दुसरा वापरायचा. दोन दारांच्या मध्ये खाडी आणि ती पार करून देणारा म्हातारा लोपो नावाडी. तो खेळणारा नव्हे, खेळातलाच, म्हणून त्याला जीव एकच. हा नियम उर्सुलाने पहिल्याच प्रकरणात घातला होता आणि त्याचा तिला भारी अभिमान होता.

दोन-तीन महिन्यांत बंदरात 'बेटा'शिवाय दुसरा विषय उरला नाही. शाळेतल्या रोझलीन टीचर ब्लाऊजच्या फिटिंगला आल्या आणि हात वर करून उभ्या असतानाच त्यांनी निकाल दिला, की लेखक नक्की बिनलग्नाचा पुरुष आहे. पाच दारं झाली तरी त्या क्षितिजाने एकदा केस विंचरले नाहीत की दोन घास खाल्ले नाहीत. उर्सुला टाचण्यांतून नुसती "हूं" म्हणाली. पुढच्या शुक्रवारी क्षितिजाने माशाच्या काट्याच्या कंगव्याने केस विंचरले आणि भाजलेले बोंबील खाल्ले. टीचर पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, लेखकाचं लग्न झालेलं दिसतंय. हसू आवरता आवरता उर्सुलाच्या हातातली टाचणी टीचरांच्या कमरेत गेली.

सायकलवरून पाव विकणारा पीटर तर दारात उभा राहून शपथेवर सांगायचा, की लेखक वीज मंडळातला माणूस आहे, नाहीतर त्याला वायरींची एवढी माहिती कुठून? उर्सुला पाव मोजून घ्यायची, आत जाऊन उशीत तोंड खुपसायची आणि पोटभर हसून यायची. अशी मतं ऐकायची तिला चटकच लागली. स्वतःची स्तुती लपून ऐकण्यासारखं सुख नाही, आणि निंदा लपून ऐकण्यासारखी गंमत नाही.

पण तिला खरं हवं होतं ते एकाच माणसाचं मत. आग्नेसची नजर अधू झाली होती, म्हणून दर शुक्रवारी ओट्यावर उर्सुला तिला प्रकरण वाचून दाखवायची. आता ही आग्नेस म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. सारा जन्म वसईच्या बाजारात मासळी विकलेली बाई. मूल नसण्यावरून तिने सुनेला कधी चकार शब्दानं बोल लावला नाही. बाकी झाडून सगळ्यावरून लावला, अगदी कालवणातल्या मिठापासून गाऊनच्या झालरीपर्यंत. कादंबरीची काय कथा? राजाला मुखवटा कशाला, तोंड इतकं वाईट हाय काय, असं ती विचारायची. आग ओकणारे खेकडे तिला साफ नापसंत होते, कारण त्यांचं कालवण करायचं कसं हा प्रश्न लेखकाने सोडवला नव्हता.

फक्त लोपोला तिने नावं ठेवली नाहीत. एकदा आपणहून म्हणाली, "बरा मानूस." हे दोन शब्द आग्नेसने पोटच्या मुलासाठीही कधी खर्च केले नव्हते. उर्सुला हरखली, आणि खोटं कशाला बोला, थोडी जळलीही. मग तिला हाव सुटली. दोन शब्द मिळाले तर चार का मिळू नयेत? तिने लोपोला मारायचं ठरवलं. सहाव्या दाराशी तुफानात क्षितिजाला काठावर ढकलून लोपो होडीसकट बुडाला. हे प्रकरण वाचून दाखवताना तिचा स्वतःचाच आवाज कापला. वाचून झाल्यावर ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसली.

आग्नेस उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने मासळीला हात लावला नाही, तेव्हा उर्सुलाला वाटलं पित्त झालं असेल, म्हणून तिने डाळ-भात वाढला.

रविवारी चर्च भरलेलं होतं. फादर सिप्रियन नुकतेच बदलून आले होते, त्यांना बंदरातली माणसं अजून नावानिशी ठाऊक नव्हती. मिस्सा, म्हणजे कुणीतरी पैसे देऊन सांगितलेली प्रार्थना, कुणासाठी आहे ते त्यांनी नेहमीसारखं वाचून दाखवलं: "आजची मिस्सा दर्यात बुडालेल्या लोपो नावाड्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. देणार, आग्नेस."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू बाकाबाकांवरून पुढे सरकत आलं. रोझलीन टीचरांनी गाण्याच्या पुस्तकात तोंड लपवलं. पीटरने मात्र मनोभावे क्रूसाची खूण केली. उर्सुलालाही हसण्याची अशी उबळ आली, की तिला बाक घट्ट धरावा लागला. आणि मग तिने शेजारी पाहिलं. आग्नेस गुडघ्यांवर होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मिस्सा संपेपर्यंत कुणीतरी फादरांना खरा प्रकार सांगितला होता. त्यांनी आग्नेसला मागच्या खोलीत बोलावलं, तर दारात ही गर्दी जमली. फादर रागावले नव्हते, बिचारे गोंधळले होते. त्यांनी समजावलं की मिस्सा माणसासाठी असते, आणि हा माणूस तर कधी नव्हताच.

"पेपरातला हाय ते मला कळतं, फादर. मी येडी नाय," आग्नेस म्हणाली. "पन खेळनाऱ्यांना तीन-तीन जीव, आनि ह्याला एकच. तो बी दुसरीला पार उतरवताना गेला. त्याच्या मागं रडायला कोन हाय? मिस्सा तरी मिळू दे."

दारातून आवाज आला, की म्हातारी आता टीव्हीचंही तेरावं घालील, आणि खसखस पिकली. उद्या बाजारात हीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली जाणार हे उर्सुलाला लख्ख दिसलं. सगळी मतं फुकटात ऐकायला मिळत होती ती आपण तोंड उघडलं की बंद होणार, हेही दिसलं. आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

"त्यांना हसू नका," ती म्हणाली. "लोपोला मी मारला. दर्यादास म्हणजे मीच."

हसणं तिथेच थांबलं. रोझलीन टीचरांचा हात आपोआप कमरेकडे गेला. आग्नेसने सुनेकडे मान वळवली आणि अधू डोळ्यांनी तिला न्याहाळलं.

"तू मारलास," ती म्हणाली. "आनि वर मला दुखवट्याची डाळ वाढलीस."

उर्सुलाने मान खाली घातली. आग्नेसने फर्मान सोडलं की येत्या शुक्रवारी त्याला पाण्याबाहेर काढ. उर्सुला चाचरत म्हणाली, की तसं करता येत नाही, खेळातल्याला एकच जीव असा नियम आहे.

"नियम कोनी केला?"

"मी."

"मग?"

शेवटी उर्सुलाने लोपोला बाहेर काढायचं कबूल केलं. फादरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मिस्सेचे पैसे परत घेऊन जा म्हणाले. आग्नेसने मानेनेच नाही म्हटलं. पैसे राहू देत, म्हणाली, पण पुढच्या रविवारी त्याच पैशांत देवाचे उपकार मानायची मिस्सा करा. फादरांनी विचारलं, उपकार कशाबद्दल?

"घरात काय जन्मलं की देतात ना," आग्नेस म्हणाली. "आमच्याकडं जन्मलंय. सुनेनं मला सांगितलंच नाय, तर मी काय करू?"

त्या शुक्रवारी लोपो चिखलाने माखलेला, खोकत खोकत काठावर आला. संपादकांनी नियम मोडल्याबद्दल कुरकुर केली, पण अंक हातोहात संपला. रविवारी फादर सिप्रियन यांनी भर चर्चमध्ये वाचलं, की आजची उपकारस्तुतीची मिस्सा उर्सुला आणि तिच्या लेखणीसाठी, देणार, आग्नेस. या वेळी कुणीही हसलं नाही. उर्सुलाला समोरची वेदी पाण्यात तरंगताना दिसू लागली.

तेवढ्यात आग्नेस तिच्या कानाशी वाकली.

"म्हातारा ओल्या अंगानं बाहेर आला," ती कुजबुजली. "त्याला अंग पुसायला पंचा तरी द्यायचास."