खिशातलं बटण

ओटाहुहूच्या एका ऑप शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेले जुने कपडे विकणाऱ्या दुकानात, गल्ल्यावर एक गोऱ्या आजी बसायच्या. वरच्यांनी भाव वाढवत नेले होते आणि आजींना ते अजिबात पटत नव्हतं. फक्त खराब कपडा निम्म्या किमतीत द्यायची मुभा होती. म्हणून आजी प्रत्येक कपडा उजेडात धरून खोट शोधायच्या.

या देशात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी तिथे लोकरीचा कोट उचलला. मी पुण्याची, घासाघीस करायच्या तयारीतच गेले होते. आजींनी कोट उलटापालटा केला, खोट सापडेना. तेव्हा त्यांनी शांतपणे दातांनी एक बटण तोडलं.

"अरेरे, बटण तुटलंय, डिअर. निम्म्यात घेऊन जा."

घरी येऊन खिशात हात घातला. बटण होतं, आणि कागदात टोचलेली सुई; दोरा ओवून ठेवलेली.